अणुविद्येचा वारसा आणि आमचे चरित्रवाङ्मय

मराठीत अणुशक्तीविषयी आजवर जे लिहिले गेले त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. एक वर्ग स्तोत्रांचा, दुसरा शापांचा. स्तोत्रकारांना डॉ. होमी भाभांपासून डॉ. अनिल काकोडकरांपर्यंतच्या शास्त्रज्ञांच्या बुद्धिवैभवापलीकडे काही दिसत नाही. शापकारांना किरणोत्सर्ग, चेर्नोबिल आणि जैतापूर ह्यांपलीकडे काही दिसत नाही. दोन्ही वर्गांतील लेखक आपापल्या जागी प्रामाणिक असतील, आणि त्यांच्या वादाचा निवाडा करण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. आमचा प्रश्न ह्या दोहोंहून निराळा आणि आमच्या मते अधिक निकडीचा आहे. अणुभट्टी इष्ट असो वा अनिष्ट, ती एकदा पेटली म्हणजे चाळीस-पन्नास वर्षे तिची निगा राखावी लागते, आणि ती विझल्यावरही तिच्या राखेवर कित्येक पिढ्या पहारा ठेवावा लागतो. ज्यांनी ती उभारली ते मात्र तोवर निवृत्त होतात, वृद्ध होतात आणि एके दिवशी आपल्या डोक्यातले व हातातले सर्व काही बरोबर घेऊन निघून जातात. त्यांचे ज्ञान मागे कसे राहावयाचे? आणि ते राहावे म्हणून आमच्या वाङ्मयाने, विशेषतः चरित्रवाङ्मयाने, आजवर काय केले? ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'फारसे काही नाही' असे आम्हांस द्यावे लागते. ते का द्यावे लागते हे दाखविणे हाच ह्या लेखाचा हेतू होय.

तासगावसारख्या द्राक्षांच्या गावी बसून आम्ही अणुभट्टीच्या गोष्टी कराव्या, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु माहिती आणि हातोटी ह्यांतील भेद समजून घ्यावयाचा असेल तर द्राक्षबागेइतकी उत्तम पाठशाळा क्वचितच सापडेल. 'तास-ए-गणेश' हा द्राक्षाचा प्रसिद्ध वाण ह्याच भागातला. थॉम्पसन सीडलेस ह्या परकी वाणातून तो येथे निवडून काढला गेला. हा वाण हवा असेल त्याने एक काडी न्यावी आणि आपल्या रानात लावावी. काडीबरोबर वेलीचा सगळा स्वभाव जसाच्या तसा जातो. मात्र काडीबरोबर छाटणी जात नाही. एप्रिलात खरडछाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, अशा वर्षातून दोन छाटण्या बागेला लागतात. पहिल्या छाटणीनंतर फुटलेल्या काडीत पुढच्या हंगामाचा घड कोणत्या डोळ्यात दडला आहे, हे ओळखून दुसऱ्या छाटणीत कात्री नेमकी तेथे लावावी लागते. डोळा चुकला तर वेल पानांनी भरते आणि घडांनी रिकामी राहते. आता डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेण्याची सोय झाली आहे, आणि छाटणीवर छापील पुस्तिकाही पुष्कळ आहेत. तथापि ज्याची बाग नवी आहे तो केवळ पुस्तिकेवर विसंबत नाही. तो शेजारच्या जाणत्या बागाईतदारास बांधावर बोलावतो, त्याच्या कात्रीकडे पाहतो, आणि हाच डोळा का राखला, तो का काढला, असे त्यास विचारतो.

ह्या साध्या व्यवहारात विद्येच्या संक्रमणाचे दोन नियम आहेत. पहिला असा की काम वरचेवर झाले पाहिजे. छाटणी वर्षातून दोनदा येते, म्हणून ती विसरावयास सवडच मिळत नाही. दुसरा असा की शिकणारास 'का' असे विचारता आले पाहिजे, आणि जाणत्यास त्याचे उत्तर देण्यात कमीपणा वाटता कामा नये. अणुविद्येत हे दोन्ही नियम वारंवार मोडतात. नवी भट्टी दर वर्षी उभी राहत नाही. कित्येक देशांत ती एका पिढीत एकदाच उभी राहते. आणि गुप्ततेचे कुंपण, अधिकाराची उतरंड व चुकीची लाज ह्या तिहींमुळे 'का' हा प्रश्न पुष्कळदा ओठांतच राहतो.

कोणी म्हणेल, अणुवीज केंद्राइतका कागद दुसऱ्या कोणत्या कारखान्यात लिहिला जातो? हे खरे आहे. एका भट्टीचे नकाशे, तपासण्यांच्या नोंदी आणि कार्यपद्धतीची पुस्तके ह्यांनी दालनेच्या दालने भरतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अणुविषयक लेखनाची जगभरची सूची १९७० सालापासून चालविली आहे. परंतु कागदावर 'काय केले' हे येते. 'काय करून पाहिले आणि का सोडून दिले' हे बहुधा येत नाही. शिवाय करणारास स्वतःलाच जे ठाऊक नसते ते कागदावर येणार तरी कसे?

ह्याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. ते वीज केंद्रातले नसून अण्वस्त्रांच्या कारखान्यातले आहे, पण त्याचा बोध सर्वत्र सारखाच लागू पडतो. टेनेसी प्रांतातील ओक रिज येथे 'फॉगबँक' ह्या सांकेतिक नावाचा एक पदार्थ १९८९ पर्यंत तयार होत असे. पुढे ते काम थांबले आणि कारखाना मोडला. २००० सालानंतर जुन्या अस्त्रांचे आयुष्य वाढवावयाचे ठरले, तेव्हा तो पदार्थ पुन्हा हवा झाला. पाहतात तो नोंदी अपुऱ्या, आणि जाणते लोक बहुतेक निवृत्त झालेले. नवा कारखाना बांधला, कोट्यवधी डॉलर खर्च केले, पद्धती जुनीच ठेवली, तरी पदार्थ पूर्वीसारखा होईना. अखेरीस शोध लागला तो असा की, पूर्वी कच्च्या मालात एक अशुद्ध द्रव्य राहून जात असे आणि त्याच्यावाचून तो पदार्थ नीट साधत नसे. नव्या कारखान्यात माल अधिक स्वच्छ केला जाई, म्हणून ते द्रव्य निघून जाई. जुन्या कारागिरांना ही गोष्ट माहीत नव्हती; त्यांच्या हातून ती आपोआप घडत होती. असले ज्ञान टिकविण्याचा मार्ग एकच: काम चालू असताना नव्या हातांनी जुन्या हातांशेजारी ते करणे, आणि जे जे घडते त्याची सविस्तर हकीकत लिहिणे. येथे सविस्तर हकीकत म्हणजे नुसता अहवाल नव्हे.

अहवाल आणि हकीकत ह्यांतला फरक किती महाग पडतो हे आणखी दोन गोष्टींवरून दिसेल. अमेरिकेच्या ओहायओ प्रांतात डेव्हिस-बेस नावाचे वीज केंद्र आहे. तेथे २४ सप्टेंबर १९७७ रोजी दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकून राहिली. दर्शकांवरील चिन्हे फसवी होती, आणि चालकांनी भट्टीत जाणारे पाणी कमी केले. सुदैवाने भट्टी त्या वेळी फार थोड्या शक्तीवर चालली होती, व सुमारे वीस मिनिटांत चूक ध्यानात आली. भट्टी बनविणाऱ्या कंपनीतील एका अभियंत्याने पुढल्याच वर्षी इशाऱ्याचे टिपण लिहिले. टिपण कचेरीत फिरत राहिले. त्याच बनावटीच्या दुसऱ्या भट्टीच्या चालकांपर्यंत ते पोचले नाही. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माईल आयलंड येथे तीच झडप तशीच अडकली, चालकांनी तीच चूक केली, आणि ह्या वेळी ती ध्यानात यावयास दोन तासांहून अधिक वेळ गेला. भट्टीचा गाभा वितळला. तीच कथा सोव्हिएत रशियाच्या राज्यात. लिथुएनियातील इग्नालिना येथे १९८३ च्या अखेरीस असे आढळले की, भट्टी थंड करण्यासाठी नियंत्रक कांड्या आत सोडल्या तर आरंभी क्षणभर तिची शक्ती कमी होण्याऐवजी वाढते. ही गोष्ट आराखडा करणारांना कळली होती. परंतु त्याच जातीच्या इतर भट्ट्या चालविणारांस ती नीटपणे सांगितली गेली नाही. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिलला काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे.

ह्या दोन्ही ठिकाणी ज्ञान होते, लिहिलेलेही होते. ज्याच्या हातात दुसऱ्या दिवशी कळ असणार होती त्याच्या मनावर ठसेल अशा रीतीने ते कोणी सांगितले नव्हते, एवढीच उणीव होती. थ्री माईल आयलंडनंतर त्याच वर्षी अमेरिकेतील वीज केंद्रांनी, आणि चेर्नोबिलनंतर १९८९ साली जगभरच्या केंद्रांनी, एकमेकांस आपल्या चुका सांगण्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापिल्या. अणुविद्येच्या इतिहासात ह्या संस्थांचे महत्त्व आम्ही एखाद्या मोठ्या शोधाच्या तोडीचे मानतो.

काम खंडित झाले म्हणजे काय होते ह्याचे उदाहरण फ्रान्सने घालून दिले. ज्या देशाची बहुतेक वीज अणूपासून येते, त्या देशाने १९९१ साली सिव्हो येथील दुसऱ्या भट्टीचा पाया घातल्यानंतर पुढे सोळा वर्षे स्वदेशी नवी वीजभट्टी बांधावयास घेतली नाही. २००७ च्या डिसेंबरात फ्लामाव्हिल येथे पुन्हा आरंभ झाला. २०१२ साली पुरी व्हावयाची ती भट्टी डिसेंबर २०२४ मध्ये वीज देऊ लागली, आणि खर्च मूळ अंदाजाच्या तिपटीहून अधिक झाला. २०१९ साली सरकारच्या सांगण्यावरून झालेल्या चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत कसबाचा सार्वत्रिक ऱ्हास हे एक ठळक कारण होते. साध्या पोलादी नळांचे जोडही पुन्हा करावे लागले. वेल्डिंग करणारा कारागीर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी आला नाही, ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीची किंमत अब्जावधी युरो झाली.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे आम्हांस प्रथम अभिमानाची गोष्ट सांगितली पाहिजे. भाभांनी १९५७ साली मुंबईत तुर्भे येथे प्रशिक्षणशाळा काढली, तेव्हा देशात 'अप्सरा' ही एकच लहानशी भट्टी होती. भट्ट्या पुष्कळ होतील तेव्हा माणसे तयार करू, असे त्यांनी म्हटले नाही. पदार्थविज्ञान, रसायन आणि अभियांत्रिकी ह्या निरनिराळ्या शाखांचे तरुण एका वर्गात वर्षभर बसवावयाचे आणि मग कामावर पाठवावयाचे, हा क्रम तेव्हा सुरू झाला. त्याची कसोटी लवकरच लागली. १९७४ च्या मे महिन्यात पोखरणचा स्फोट झाल्यावर कॅनडाने आपली मदत थांबविली. राजस्थानात रावतभाट्याची पहिली भट्टी तेव्हा नुकतीच चालू झालेली आणि दुसरी अर्धवट होती. परदेशी सल्लागार गेले, येथे शिकलेली माणसे राहिली, आणि त्यांनी दुसरी भट्टी १९८१ साली चालू करून दाखविली. हा आमच्या औद्योगिक इतिहासातील खरोखर रोमांचक प्रसंग होय.

आमच्या शेजारच्या कागल तालुक्यातील कसबा सांगावचे डॉ. शिवराम भोजे ह्यांचे उदाहरण घ्या. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते तुर्भ्याच्या प्रशिक्षणशाळेत गेले आणि तेथून फ्रान्समधील कादाराश येथे, 'रॅप्सोडी' ह्या शीघ्र प्रजनक भट्टीच्या धर्तीवर भारतासाठी भट्टी आखणाऱ्या तुकडीत दाखल झाले. पुढे परदेशातून समृद्ध युरेनियम मिळण्याची आशा मावळली, तेव्हा फ्रान्समधील इंधन सोडून प्लुटोनियम व युरेनियम ह्यांच्या कार्बाइडचे इंधन घरी तयार करावे लागले. मुख्य इंधन म्हणून त्याचा असा उपयोग पूर्वी कोणी केलेला नव्हता. ती भट्टी कल्पाक्कम येथे १८ ऑक्टोबर १९८५ रोजी चालू झाली. भोजे पुढे तेथील संशोधन केंद्राचे संचालक झाले. कागलचा एक मुलगा कादाराशमार्गे कल्पाक्कमला पोचला, ह्याचा आम्हां सर्वांस आनंद आहे. परंतु कादाराशला तो काय शिकला, तेथील आराखड्यातले काय घेतले आणि काय टाकले, इंधन बदलावयाचे ठरले तेव्हा कोणत्या शंका निघाल्या आणि त्या कशा फिटल्या, हे त्याच्याच जिल्ह्यातील एखाद्या शाळामास्तराने विचारले तर त्याच्या हाती द्यावयास मराठीत काय आहे?

येथे आमच्या मूळ विषयाचे, म्हणजे चरित्रवाङ्मयाचे, दोष सांगणे प्राप्त आहे. कोणा एका ग्रंथाचे वा ग्रंथकाराचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष व्यक्तीचा नसून प्रकाराचा आहे. आमच्या वाचनात आलेली शास्त्रज्ञांची बहुतेक मराठी चरित्रे एकाच साच्यातून निघालेली असतात. खेड्यातले बालपण, गरिबी किंवा मातेचे कष्ट, शाळेतील पहिला क्रमांक, मुंबईचे वसतिगृह, परदेशगमन, मोठे पद, पद्म पुरस्कार, आणि शेवटी तरुणांस उपदेश. मनुष्याने ज्या कामात तीस-चाळीस वर्षे घालविली त्याच्या वाट्यास दोनचार पाने येतात, आणि त्या पानांत एक वाक्य हटकून असते: अनेक अडचणी आल्या, परंतु अथक परिश्रमाने त्यांवर मात केली. आमचे म्हणणे असे की सगळी विद्या ह्याच वाक्याच्या पोटात पुरलेली असते.

उदाहरणार्थ, तुर्भ्याची 'ध्रुव' ही संशोधनभट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी चालू झाली. थोड्याच काळात तिच्यातील इंधनाच्या जुड्या पाण्याच्या प्रवाहात थरथरू लागल्या, त्यांचे आवरण झिजू लागले, आणि तिला पूर्ण शक्तीवर न्यावयास जानेवारी १९८८ उजाडावे लागले. ह्या अडीच वर्षांची गोष्ट चरित्रकाराने कशी सांगावी? थरथर आहे हे प्रथम कोणत्या खुणेवरून उमगले? आरंभी संशय कशावर होता, आणि तो चुकीचा कसा ठरला? वादात कोण कोणत्या बाजूस होता? स्वीकारलेल्या उपायाखेरीज आणखी कोणते उपाय पुढे आले होते, आणि ते का मागे पडले? असल्या प्रश्नांची उत्तरे ज्या चरित्रात असतील ते चरित्र एका अभियंत्यास वर्षभराच्या शिक्षणाइतके मोलाचे होईल, आणि सामान्य वाचकास कादंबरीइतके गोड लागेल.

दुसरा दोष नायकाच्या एकटेपणाचा. आमच्या चरित्रांत शास्त्रज्ञ एकटाच उभा असतो. फिटर, वेल्डर, चालक, नकाशे काढणारा, भांडारातला कारकून हे कोठेच दिसत नाहीत. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा येथे टर्बाईनची पाती तुटली, आग लागली, तारांचे जाळे जळाले, आणि वीज केंद्र सुमारे सतरा तास स्वतःच विजेवाचून राहिले. नियंत्रणकक्ष धुराने भरला. भट्टी आधीच बंद केलेली होती. ती पुन्हा चेतू नये म्हणून काही कर्मचारी विजेरीच्या उजेडात वर चढले आणि बोरॉनचे द्रावण आत सोडणाऱ्या झडपा त्यांनी हातांनी उघडल्या. डिझेलवर चालणारे आगीचे पंप लावून भट्टीची उष्णता काढून नेण्यासाठी पाणी पोचविण्यात आले. अंधारात कोणती झडप कोठे आहे हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. असले ज्ञान केंद्रात रोज वावरल्यावाचून येत नाही. ह्या माणसांची हकीकत तपासणीच्या कागदपत्रांत असेल. आमच्या घरांतील पुस्तकांच्या कपाटात ती नाही.

तिसरा दोष सर्वांत मोठा. आमच्या चरित्रांत अपयश वर्ज्य आहे. मृताविषयी वाईट बोलू नये हा आमचा संस्कार चांगला आहे. परंतु फसलेला प्रयोग सांगणे म्हणजे कोणाविषयी वाईट बोलणे, ही समजूत चुकीची आहे. वर सांगितलेल्या डेव्हिस-बेस व इग्नालिना येथील गोष्टी वेळेवर आणि मोकळेपणाने सांगितल्या जात्या, तर पुढील अनर्थ टळण्याचा पुष्कळ संभव होता. जेथे चूक सांगणे हीच माणुसकी आहे, तेथे चरित्रकाराने ती झाकणे हा सद्गुण नव्हे.

आमच्या भाषेत ह्याहून चांगले नमुने नाहीत असे मात्र नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे हे दशग्रंथी पंडितही नव्हते आणि मुत्सद्दीही नव्हते. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेले ते एक गरीब भिक्षुक. १८५७ च्या धामधुमीत ते झाशीस सापडले. पुढे चिंतामणराव वैद्यांनी त्यांस आग्रह केला म्हणून त्यांनी आपली हकीकत १८८३ साली लिहून काढली, आणि वैद्यांनी ती 'माझा प्रवास' ह्या नावाने १९०७ साली छापली. वैद्यांनी विचारले नसते तर झाशीच्या वेढ्याचे ते प्रत्यक्ष दर्शन गोडसे भटजींबरोबरच संपले असते. त्या पुस्तकाचा गुण असा की भटजी आपली भीती, भूक, लोभ आणि फजिती काहीच लपवीत नाहीत. अणुविद्येस आज गोडसे भटजी पुष्कळ आहेत. उणीव आहे ती त्यांच्या दाराशी जाऊन विचारणाऱ्या वैद्यांची.

दुसरा नमुना आमच्या अगदी उंबऱ्याशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला. ती जागा तेव्हा औंध संस्थानात होती, पुढे तासगाव तालुक्यात आली, आणि आज पलूस तालुक्यात मोडते. किर्लोस्करांची कथा महाराष्ट्रास प्रिय झाली, ती त्यांच्या संपत्तीमुळे झाली असे आम्हांस वाटत नाही. लोखंडी नांगर आरंभी खपेनात, लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत, महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा कोल्हापूरच्या जुन्या तोफा आणून वितळविल्या, अशा अडचणींचे तपशील त्या कथेत जसेच्या तसे राहिले आहेत. हे तपशील राहिले ह्याचे मोठे श्रेय शंकरराव किर्लोस्करांच्या लेखणीस आहे. त्यांनी १९२० साली कारखान्याची बातमी देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' काढली, तिचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि त्याने मराठी मध्यमवर्गाची अभिरुची घडविली. त्या मासिकाचा आम्हांस आदरच आहे. तरी एक गोष्ट नमूद केली पाहिजे: खबर जसजशी मासिक झाली तसतसे वाङ्मय वाढले आणि ओतशाळा मागे पडली. पुढे मराठी मासिकांची जी परंपरा चालू राहिली तीत लेखक आणि कारागीर पुन्हा एका छपराखाली क्वचितच आले.

आणि ओतशाळेत तर काम थांबले नव्हते. नांगरापासून आरंभ करणाऱ्या त्याच किर्लोस्कर बंधूंच्या कंपनीने कल्पाक्कम येथील ५०० मेगावॅटच्या शीघ्र प्रजनक भट्टीसाठी सोडियमचे पंप घडविले. सोडियम हा धातू ९८ अंशांवर वितळतो, हवा लागली तर पेट घेतो, पाणी लागले तर भडकतो. आणि ह्या भट्टीत तो पाचशे अंशांच्याही वर तापून फिरावयाचा असतो. अशा द्रवात वर्षानुवर्षे फिरणारा लांबलचक दांडा तसूभरही न डगमगता कसा फिरवावयाचा, हे साधणाऱ्या कारागिरांचा आणि विहिरीवरच्या पंपाच्या कारागिरांचा वंश एकच. नांगराच्या खटपटीची गोष्ट आमच्या मुलांना पाठ आहे. ह्या पंपाच्या खटपटीची गोष्ट मराठीत कोणी लिहील काय?

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला गुप्ततेचा. १९६२ सालच्या अणुऊर्जा कायद्याने ह्या खात्याभोवती मोठे कुंपण घातले, आणि देशाच्या संरक्षणाच्या गोष्टी झाकून ठेवल्याच पाहिजेत. परंतु ज्या अपघातांचे वर्णन जगजाहीर आहे, ज्या भट्ट्या बंद होऊन मोडावयास निघाल्या आहेत, ज्या अडचणींचे शास्त्रीय निबंध परिषदांतून वाचले गेले आहेत, त्यांविषयीही आम्ही मौन धरतो. ते मौन कायद्याचे नसते. ते बहुतेक संकोचाचे आणि काही अंशी आळसाचे असते.

दुसरा आक्षेप भाषेचा. शास्त्राची भाषा इंग्रजी, मग हे सर्व मराठीत कशास, असे विचारले जाते. राजा रामण्णांनी १९९१ साली आणि एम. आर. श्रीनिवासन ह्यांनी २००२ साली आपल्या आठवणींची पुस्तके इंग्रजीत प्रसिद्ध केली. ती मोलाची आहेत. परंतु ती संचालकाच्या खुर्चीवरून लिहिलेली आहेत, आणि विद्येचा मोठा भाग त्या खुर्चीपासून दूर, यंत्राजवळ असतो. तारापूरला आणि तुर्भ्याला यंत्राजवळची भाषा पुष्कळ अंशी मराठी आहे. 'हात बसला', 'आवाज बदलला', 'झडप जड चालते' असे म्हणणारा मनुष्य जी सूक्ष्म गोष्ट सांगतो, ती त्यास इंग्रजी अहवालात लिहावयास लावली की 'समाधानकारक' किंवा 'असमाधानकारक' ह्या दोन शब्दांत आटोपते. शिवाय का असे विचारणारे मूल घरात ज्या भाषेत विचारते, त्याच भाषेत उत्तर देण्याची सवय मोठ्यांस झाली पाहिजे. मराठी विज्ञान परिषदेने १९६६ पासून शास्त्र समजावून देण्याचे काम निष्ठेने केले आहे. अणू म्हणजे काय हे आता मराठी वाचकास बऱ्यापैकी कळते. अणुभट्टीजवळ चाळीस वर्षे राहणे म्हणजे काय हे कळावयाचे आहे.

ह्या गोष्टीची निकड वाढली आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने असा संकल्प जाहीर केला की, २०४७ पर्यंत देशातील अणुवीज एक लक्ष मेगावॅटपर्यंत न्यावयाची. तो संकल्प झाला तेव्हा देशाची सर्व शक्ती आठ हजार मेगावॅटच्या आसपास होती. आठाचे शंभर होतील की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, आणि व्हावे की नाही ह्यावरही आमच्या वाचकांत मतभेद असतील. पण त्याच्या निम्म्याने किंवा चौथाईने जरी वाढ झाली, तरी जाणती माणसे कितीतरी पटींनी लागतील. आणि जे ह्या वाढीस विरोध करतात त्यांनाही उभ्या असलेल्या भट्ट्या सुरक्षितपणे मोडणारे हात हवेतच. १९५७ नंतरच्या पहिल्या तुकड्यांत शिकलेले लोक आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, आणि कित्येक निघून गेले आहेत. रावतभाट्याची दुसरी भट्टी पुरी करणारे तरुण आज आजोबा झाले आहेत. विचारावयाचे तर आता विचारले पाहिजे.

ते कसे विचारावे ह्याविषयी आमची सूचना साधी आहे. थोरामोठ्यांचे चरित्र लिहिण्याऐवजी एखाद्या कामाचे चरित्र लिहावे: एका पंपाचे, एका दुरुस्तीचे, एका रात्रीच्या पाळीचे. त्यात संचालकाबरोबर फिटरलाही बोलते करावे. कशाने यश आले हे विचारण्याआधी प्रथम काय फसले हे विचारावे. तारीख आणि आकडे तपासून घ्यावे, पण सांगणाराचे शब्द बदलू नयेत. चेंबूर, ठाणे, पुणे, सांगली, कोल्हापूर येथील कित्येक सुशिक्षित घरांत असे निवृत्त गृहस्थ, आणि अलीकडे स्त्रियाही, दुपारी वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या असतात. त्यांची मुले, सुना, नातवंडे ह्या मासिकाची वाचक असण्याचा संभव पुष्कळ आहे. त्यांनी वही घेऊन जवळ बसावे, एवढे केले तरी आरंभ झाला. प्रकाशकांनी आणि संपादकांनी अशा वह्यांस जागा द्यावी, आणि टीकाकारांनी त्या भाषेच्या अलंकारांवरून न जोखता तपशिलाच्या खरेपणावरून जोखाव्या.

चरित्र हे मृताच्या गौरवासाठी लिहावयाचे की जिवंतांच्या उपयोगासाठी, हा वाद आमच्या वाङ्मयात जुना आहे. इतर क्षेत्रांत तो सोयीने मिटविता येईल. ज्या यंत्रातील अज्ञान एका प्रांताची जमीन ओसाड करू शकते, त्या यंत्राजवळ आयुष्य काढलेल्या माणसांच्या बाबतीत तो एकाच रीतीने मिटतो. त्यांना आमच्या हारांची गरज नाही. त्यांच्या मागून येणारांस त्यांच्या हकिकतींची गरज आहे. मराठी चरित्रकारांनी ही निवड ध्यानात घेऊन पुढील पुस्तक लिहावे, अशी आमची त्यांस विनंती आहे.